सुराहीची कावीळ

आमच्या घरात आधी मोजतात आणि मग बोलतात. ही बाबांची सवय. लखनौच्या मानक नगरला रेल्वेची जी संशोधन संस्था आहे, तिथे ते डब्यांच्या स्प्रिंगा तपासतात. कुठल्या वजनाखाली स्प्रिंग किती दबली, परत वर यायला तिला किती वेळ लागला, सगळं लिहून ठेवायचं, त्याचा आलेख काढायचा. पाच वाजता ऑफिस सुटतं, पण बाबांची फूटपट्टी सुटत नाही. दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या रेघा आहेत, त्या एक वेळ ठीक. पण एकदा, फक्त एकदाच, त्यांनी आईच्या पोळीचा व्यास मोजला होता. पुढचा आठवडाभर आम्हाला भातच मिळाला.

अशा घरात, १९८२ च्या एप्रिलअखेर, माझ्या धाकट्या भावाला परत कावीळ झाली.

त्याचं नाव श्रीपाद, पण कॉलनीत सगळे श्रीपू म्हणतात. वय तेव्हा दहा, वजन पोत्यातून सांडलेल्या बटाट्याइतकं आणि तोंड माझ्यापेक्षा मोठं. घरात सगळे मराठी बोलतात आणि हा पठ्ठ्या हिंदीत उत्तरं देतो. आई म्हणते, "श्रीपू, हात धू," तर हा म्हणतो, "धो लिए, यार." आईला यार! दिवाळीत त्याला पहिल्यांदा कावीळ झाली तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते, महिन्याभरात उतरलीही होती. आता परत तेच. कॉलनीच्या डॉक्टरांनी तपासलं, आराम सांगितला, तेलतूप बंद केलं, आणि जाताना बजावलं की पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला आणा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरात ते कोणीच मनावर घेतलं नाही.

कारण मधे गजेंद्र अंकल आले. गजेंद्र अंकल म्हणजे गजेंद्र सिंह, बाबांचे ऑफिसातले दोस्त आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले. माणूस इतका प्रेमळ, की तुम्ही नुसतं शिंकलात तरी चार औषधं घेऊन दारात हजर. ते आले ते हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी घेऊन.

"नातू साहब," ते बाबांना म्हणाले, "हमारे ख़ानदान के तीन पीलिये इसी माला से उतरे हैं. चिनहट के वैद्यजी की है. बस पहना दीजिए."

पुरचुंडीत एक माळ होती. कुठल्याशा झाडाच्या हिरव्या कांड्यांचे बारीक तुकडे, दोऱ्यात एकेक करून अडकवलेले. ती गळ्यात जातच नव्हती, इतकी लहान. अंकल म्हणाले, गळ्यात नाही, डोक्यावर ठेवायची, मुकुटासारखी. कावीळ जसजशी उतरेल तसतशी माळ आपोआप वाढेल. कपाळावर येईल, मग गळ्यात, मग छातीवर, आणि बेंबीपर्यंत पोचली की समजायचं, रोग गेला. मग ती गोमतीत सोडून द्यायची.

बाबा हसले. आई म्हणाली, "असू दे हो, घालायला काय जातंय?"

श्रीपूने माळ डोक्यावर चढवली आणि आरशासमोर जाऊन म्हणाला, "बा-अदब, बा-मुलाहिज़ा होशियार!" आणि पलंगावर जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी माळ खरंच वाढली होती. तिसऱ्या दिवशी कपाळावर घसरली. आता बाबा हसेनात. त्यांनी स्टीलची फूटपट्टी काढली. पहिला दिवस, सोळा इंच घेर. (तो त्यांनी डोक्याच्या मापावरून मागाहून काढला.) दुसरा दिवस, सव्वासतरा. तिसरा, साडेअठरा. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते ऑफिसातून आलेखाचा कागद घेऊन आले. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर इंच, आणि ठिपक्यांतून जाणारी एक सुरेख लाल रेघ. हा आलेख गोदरेजच्या कपाटावर चिकटवण्यात आला.

"बघ सुलभा," बाबा आईला म्हणाले, "मी काही अंधश्रद्धाळू नाही. पण आकडे आहेत."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, जरी तिने तसं काही म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांचे पंधरा दिवस झाले तेव्हा बाबांनी आलेखाकडे बोट दाखवलं. माळ तीस इंचांवर होती. "इतकी छान सुधारणा चाललीय. एवढ्या लूच्या झळांत पोराला कशाला बाहेर काढायचं?" पुढे रेघ जरा वाकली, माळ हळू वाढायला लागली, तर त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "वेग कमी होणारच. आता कावीळच थोडी उरलीय."

आता थोडं माझ्याबद्दल, कारण पुढे मी जे केलं ते आदल्या वर्षीची विनया करूच शकली नसती. आदल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा इतक्या हळू "येस मिस" म्हणायची, की माझी गैरहजेरी लागायची. त्या फेब्रुवारीत वादविवाद स्पर्धेत आमच्या शाळेची मुख्य वक्ती गालफुगीने आजारी पडली आणि मिसनी मला ढकललं. मी डोळे मिटून बोलले, आणि ढाल घेऊन घरी आले! तेव्हा मला कळलं की माझा आवाज लांबपर्यंत जातो, आणि तेव्हापासून मी तो वाया घालवत नाही. बाबा म्हणतात, पूर्वी घरात एक रेडिओ होता, आता दोन आहेत.

पण श्रीपूबद्दल मला जे दिसत होतं ते सांगायला मला आवाज सापडत नव्हता. कारण प्रत्येक गोष्ट वेगवेगळी घेतली तर फुसकी वाटायची. त्याच्या चड्डीचं बटण लागेना. आई म्हणाली, चला, पोराच्या अंगाला काहीतरी लागतंय. शेजारच्या बायका म्हणाल्या, तंदुरुस्त हो गया. पण हात तर काडीसारखे होते! नुसतं पोटच कसं काय तंदुरुस्त होतं? मग त्याच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा ठसा उमटलेला दिसला, चप्पल काढून तास झाला तरी तसाच. दोनदा नाकातून रक्त आलं. सगळे म्हणाले, गरमी.

आणि मग खरबुजाची गोष्ट. आमच्याकडे खरबूज कापलं की शेवटच्या फोडीसाठी युद्ध होतं, अगदी ओरबाडे येईपर्यंत. त्या शनिवारी दुपारी ताटात एक फोड उरली. मी झडप घालायच्या तयारीत होते. श्रीपूने ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "तू ले ले, दीदी."

मी घाबरले ती तेव्हा. फोड तशीच ठेवून कपाटासमोर जाऊन उभी राहिले. लाल रेघ वर चालली होती आणि माझा भाऊ खाली. बाबा सोमवारी दुपारच्या गाडीने तीन आठवड्यांच्या टूरवर निघणार होते. ते गेले की काही ठरणार नव्हतं, आणि ते आलेखासमोर माझं ऐकणार नव्हते. म्हणजे आलेखालाच आलेखाने उत्तर द्यायला हवं होतं. शाळेत बी रुजवण्याचा प्रयोग करताना मिसनी शिकवलं होतं की एका कुंडीला खत घालायचं आणि एका कुंडीला नाही. बाबांनी एकच कुंडी ठेवली होती.

मला दुसरी माळ हवी होती. आणि ती घालायला असा कोणीतरी, ज्याला कावीळ नाही हे कोणीही मान्य करेल.

रविवारी सकाळी गजेंद्र अंकल लोणच्याच्या बरण्या आणायला चिनहटला निघाले होते. तिथे मातीची भांडी चांगली मिळतात. मी म्हटलं, "अंकल, आम्हाला सुराही हवीय, मीही येते." स्कूटरवर मागे बसून आख्खं लखनौ ओलांडलं. तासाभराने बाजारात मी एक गोल पोटाची, उंच मानेची सुराही निवडली, अंकल बरण्या ठोकून ठोकून बघत बसले, आणि मी पलीकडच्या गल्लीत वैद्यजींकडे गेले.

वैद्यजी कडुलिंबाखाली खाटेवर बसून दोऱ्याला गाठी मारत होते. चष्म्याच्या एका बाजूला काडीऐवजी तोच दोरा.

"मरीज़ का नाम?"

मी सगळा विचार करून आले होते, फक्त नावाचा नाही. "मिट्टो," मी म्हटलं.

"उमर?"

सुराही माझ्या काखेत होती, ताजी ताजी भाजलेली. "छोटी है अभी."

"कहाँ की है?"

"जी, पैदाइश यहीं चिनहट की. अब मानक नगर में रहेगी."

"पेट कैसा है?"

इथे मात्र मला सुराही आठवली नाही. मला श्रीपूची चड्डी आठवली. "बहुत फूल गया है," मी म्हटलं. "हाथ पतले हो गए हैं. पैर पे चप्पल का निशान रह जाता है. दो बार नाक से ख़ून आया."

वैद्यजींचा हात गाठीवरच थांबला. त्यांनी चष्मा काढला, दोरा कानात अडकला, तो सोडवला, आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"ऐसी बच्ची को मैं माला नहीं देता, बिटिया. पीलिया बार-बार लौटे, पेट में पानी भरे, पाँव दबाओ तो गड्ढा रह जाए, तो ये मेरे बस का नहीं. बड़े अस्पताल ले जाओ. देर मत करना."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. बाबा, फूटपट्टी, कपाटावरचा आलेख, काखेतली सुराही. सुराहीला माळ घालायचीय हे ऐकून ते इतके हसले की खाट करकरली. मग एकदम हसू थांबवून म्हणाले, "जिस लड़के के लिए सिंह साहब ले गए थे, वही? मैंने तो उसे देखा ही नहीं. उन्होंने कहा बच्चा है, पीलिया है, मैंने दे दी." मग त्यांनी सुरी उचलली. "अच्छा, कितने टुकड़े थे उसमें?"

"चौऱ्याऐंशी," मी मराठीतच म्हणाले. मोजलेले होतेच, आमचं घरच तसं. मग सुधारून सांगितलं, "चौरासी."

त्यांनी माझ्या समोर चौऱ्याऐंशी हिरवे तुकडे कापले आणि बांधून दिले.

"इससे आपका नुक़सान नहीं होगा?" मी विचारलं.

"हमारा?" ते म्हणाले. "लोग माला देखने आते हैं बिटिया, सुराही देखने कोई नहीं आता. जाओ."

घरी आले तर श्रीपू पलंगावर पडून छताचा पंखा मोजत होता, म्हणजे तो किती गरगरला ते. मी काही न बोलता त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि दहापर्यंत आकडे मोजले. अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला, कणकेच्या गोळ्यावर राहतो तसा.

"अरे वाह," श्रीपू म्हणाला. "फिर से कर."

मी आई-बाबांना हाक मारली. खळगा बघून आईचा चेहरा उतरला. बाबांचाही उतरला, पण ते कपाटाकडे बघायला लागले. "अशक्तपणानेसुद्धा सूज येते. रेघ तर बघ, विनू. कावीळ उतरतेय हे दिसतंय ना?"

"बाबा, माळ वाढतेय हे दिसतंय," मी म्हटलं. "ती श्रीपूमुळे वाढतेय हे कुठे दिसतंय?"

"म्हणजे?"

मी पुरचुंडी सोडली. "ही त्याच वैद्यांची, तितक्याच तुकड्यांची. ही सुराहीला घालते. सुराहीला कावीळ नाही, हे तरी मान्य?"

बाबा चिडतील असं मला वाटलं होतं. पण मी त्यांना ओळखलंच नव्हतं. त्यांनी सुराही उचलली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पाणी भरू नकोस. ओलाव्याने फरक पडेल. आणि इथेच ठेव, श्रीपूच्या शेजारी. हवा सारखी पाहिजे." फूटपट्टी आली. "सोळा इंच आणि वर एक अष्टमांश. वेळ लिही, दुपारी एक."

"आणि वाढली तर?"

"आज रविवार. ओपीडी बंद. उद्या सकाळी सहाला मोजू. वाढली तर आठ वाजता मी स्वतः घेऊन जातो."

"आणि टूर?"

"स्प्रिंगा कुठे पळून जात नाहीत," बाबा म्हणाले.

आई उठली आणि तिने श्रीपूचे कपडे पिशवीत भरायला घेतले. "तुम्ही मोजा सकाळी," ती म्हणाली. "मी भरून ठेवते."

सुराही स्टुलावर बसली. श्रीपूला ती शेजारीण फार आवडली. "क्यों मिट्टो, तबीयत कैसी है?" असं तो दर तासाला विचारत होता, आणि स्वतःच बारीक आवाजात उत्तर देत होता, "उतर रहा है जी, उतर रहा है."

सोमवारी मला साडेपाचलाच जाग आली. बाबा माझ्याही आधी उठले होते. सुराहीसमोर उकिडवे बसलेले, फूटपट्टी हातात, पण लावलेली नव्हती. माझी वाट बघत होते. माळ सुराहीच्या मानेखालून घसरून पोटावर आली होती. मोजायची गरजच नव्हती, पण मोजलं. सतरा इंचांना थोडी कमी. बाबांनी निळ्या पेन्सिलीने आलेखावर ठिपका काढला. तो श्रीपूच्या लाल रेघेवर अगदी नेमका जाऊन बसला.

"बाबा," मी म्हटलं, "सुराही बरी होतेय."

त्यांनी माळ हातात घेतली, एक तुकडा नखाने हलवला. काल ओला असताना दोऱ्याच्या फासात घट्ट बसलेला तुकडा आता सुकून बारीक झाला होता. फास सैल पडला की दोरा सुटत होता आणि माळ लांबत होती. एवढंच. "तुकडे सुकतात," बाबा म्हणाले. "मी वीस दिवस लाकूड सुकताना मोजत बसलो." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "स्कूटर काढतो. रिक्षा बोलाव आईसाठी."

मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या विभागात डॉक्टर पद्मिनी माथुर होत्या. ठेंगण्या, चटपटीत, आणि प्रश्न असे विचारायच्या की उत्तर ओठांवर यायच्या आत पुढचा प्रश्न तयार. कावीळ कितव्यांदा? मधे डोळे पूर्ण पांढरे झाले होते का? संडासचा रंग? घरात अजून कोणाला? हस्ताक्षर बिघडलंय का, हात कापतात का? आई-बाबा लग्नाआधी नात्यातले? शेवटच्या प्रश्नाला आई म्हणाली, "हो, लांबचे. आमच्या आज्या बहिणी." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग श्रीपूच्या पोटावर बोटं ठेवून टकटक वाजवलं, कुशीवर वळवून परत वाजवलं. "पानी है," त्या म्हणाल्या. नखं पाहिली, नडगीवर खळगा केला.

"फिर से कीजिए," श्रीपू म्हणाला. डॉक्टरांनी परत केला.

"इतने दिन क्यों रुके?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी खिशातून आलेखाची घडी काढली. मला वाटलं होतं, ते लपवतील. "ये माला की लंबाई है," ते म्हणाले.

"और ये नीला बिंदु?"

"सुराही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी लाल झाले होते, आणि त्या हसल्या. पण ताबडतोब बॅटरी काढून श्रीपूच्या डोळ्यांत पाहायला लागल्या. एक डोळा, दुसरा, परत पहिला. बराच वेळ. "आँख वालों के पास चलिए. सब लोग."

डोळ्यांच्या विभागात अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं. श्रीपूने हनुवटी टेकवली, उभी प्रकाशाची चीर त्याच्या डोळ्यावर पडली. आधी तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं, मग माथुर डॉक्टरांनी, मग त्या म्हणाल्या, "सुराही वाली, इधर आओ. तुम भी देखो."

मी पाहिलं. श्रीपूचा डोळा बशीएवढा मोठा दिसत होता, आणि बुबुळाच्या अगदी कडेने एक कडं होतं, सोनेरी, तपकिरी, जरासं हिरवट. साडीच्या काठासारखं. इतकी वर्षं मी या डोळ्यांत डोळे घालून भांडले आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

"ताँबा," डॉक्टर म्हणाल्या.

बाबा एकदम सरसावून बसले. धातूचं नाव निघालं होतं. आणि मग डॉक्टरांनी समजावलं, इतकं सोपं करून की मला आजही पाठ आहे. आपण जे खातो त्यात थोडं तांबं असतंच. बाकी सगळ्यांचं लिव्हर नको तेवढं तांबं पित्तातून बाहेर टाकतं. श्रीपूचं लिव्हर जन्मापासूनच ते टाकू शकत नाही. मग तांबं आधी लिव्हरमधे साचतं आणि त्याला खराब करतं, मग डोळ्यांत, मग मेंदूत. वरून दिसायला साधी कावीळ. पण मूल मोठं आहे, कावीळ परत परत येते, पोटात पाणी झालंय, असं दिसलं की डोळे बघायचेच, आणि रक्त आणि लघवीही तपासायची.

"हम रोज़ सुबह ताँबे के लोटे का पानी पिलाते थे," बाबा अगदी हळू म्हणाले. तो त्यांचाच नियम होता, आरोग्यासाठी. श्रीपू नाक दाबून प्यायचा.

"उससे ये बीमारी नहीं होती," डॉक्टर म्हणाल्या. "आपकी बेटी ने भी तो पिया. ये जन्म की चीज़ है. हाँ, अब लोटा बंद."

"सच्ची?" श्रीपू म्हणाला. त्या दिवसातला त्याचा सर्वांत आनंदी शब्द.

"ठीक होगा?" आईने विचारलं. तिला बाकी काही विचारायचं नव्हतं.

"दवा है. ताँबे को पकड़ के पेशाब से निकाल देती है. रोज़ लेनी होगी, ज़िंदगी भर, एक दिन भी छोड़नी नहीं. अच्छा हुआ आज ले आए. दो महीने बाद लाते तो शायद मैं ये न कह पाती."

आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

श्रीपूला दाखल करून घेतलं. खात्री करायला चोवीस तासांची लघवी साठवायची होती. हे प्रकरण श्रीपूने जे रंगवलं! स्वच्छ धुतलेला प्लास्टिकचा कॅन मिळाला, धातूचं काही लागू द्यायचं नाही अशी ताकीद मिळाली, आणि हा वॉर्डात प्रत्येकाला सांगत सुटला, "मेरा सरकारी काम चल रहा है." बाबांनी कॅनवर बाहेरून पट्ट्या चिकटवून माप केलं. सवय! तो नमुना विश्वासकाकांच्या संस्थेत गेला. विश्वासकाका म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातले शास्त्रज्ञ, त्यांच्याकडे धातू मोजायचं यंत्र आहे. त्यांनी स्वतः आकडा आणून दिला. जितकं तांबं असायला हवं त्याच्या कितीतरी पट. रक्तात तांबं वाहून नेणारं जे प्रथिन असतं, ते मात्र जवळजवळ नव्हतंच. शंका उरली नाही.

"मतलब मैं पीला नहीं, ताँबे का हूँ," श्रीपू म्हणाला. "दीदी, मुझे घिस के देख, चमकूँगा."

मग माथुर डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "अब तुम्हारी बारी. भाई-बहन में चार में से एक को हो सकता है, और शुरू में कुछ पता नहीं चलता."

माझ्या तपासण्यांचे ते चार दिवस मी माझा आवाज जपून ठेवला. यंत्रावर हनुवटी टेकवली, तेव्हा पलीकडून श्रीपू अगदी गंभीरपणे म्हणाला, "डर मत, मिट्टो." माझ्या डोळ्यांत कडं नव्हतं. रक्तातलं प्रथिन ठीक. कॅनमधला आकडा ठीक. निकाल कळला तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यावर इतक्या जोरात ओरडले, की खालून वॉर्डबॉय धावत आला.

श्रीपू तीन आठवड्यांनी घरी आला. पोटातलं पाणी औषधांनी उतरलं, बिनमिठाचं खाऊन खाऊन त्याने आईला हैराण केलं, आणि तांबं असतं म्हणून चॉकलेट बंद म्हटल्यावर दोन दिवस घरात शोक पाळला गेला. तांब्याचा लोटा माळ्यावर गेला. गजेंद्र अंकल आले, त्यांनी सगळं ऐकलं, डोळे पुसले, आणि एका रविवारी वैद्यजींना जाऊन सांगून आले. वैद्यजींनी निरोप पाठवला की आता ते पोर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माळ देत नाहीत. आणि मिट्टो कैसी है?

मिट्टो स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तिच्यातलं पाणी सगळ्यात गार असतं.

कपाटावर आता नवा आलेख आहे. दर काही महिन्यांनी लघवीतलं तांबं किती, त्याचा. औषध सुरू झाल्यावर लाल रेघ आधी उंच उडाली, कारण साठलेलं तांबं बाहेर पडायला लागलं, आणि आता पायरी पायरीने खाली येतेय. तिच्या खाली, अगदी तळाशी, एक निळी सपाट रेघ आहे. ती माझी. आता बाबा तुलनेशिवाय काहीच मोजत नाहीत. निळ्या रेघेशेजारी त्यांनी आपल्या सुरेख इंजिनिअरी अक्षरात लिहिलंय, "सुराही." मी खूप भांडले, पण त्यांनी ते खोडलं नाही.

परवा खरबूज कापलं. या वर्षातलं पहिलं. शेवटची फोड ताटात उरली आणि मी, सवयीने, जरा थांबले. श्रीपूने माझ्या मनगटावर चापट मारली, फोड उचलली आणि पळत सुटला. व्हरांडा, जिना, गच्ची! मी किंचाळत मागे, आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "अरे पडाल!"

आम्ही धापा टाकत खाली आलो तेव्हा बाबा जिन्याच्या तोंडाशी घड्याळ हातात धरून उभे होते.

"गच्चीपर्यंत अकरा सेकंद," ते म्हणाले, आणि पेन्सिल शोधायला आत गेले.